नो ड्यूज

सोहारच्या इंडियन स्कूलमध्ये, मे महिन्यात,
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय
आणि बारावीची पोरं माझ्या सहीसाठी रांगेत.
पिवळा फॉर्म. ग्रंथालय झालं, खेळ झाले, बस झाली,
सगळ्यात शेवटी केमिस्ट्रीची लॅब, म्हणजे मी,
आणि माझी फुटतुटीची वही.
एकोणीस वर्षांची काच आहे या वहीत.

शिबिन कुरुविळा. ब्युरेट एक, तीन रियाल.
बीकर मोजायचं मी अकरावीतच सोडून दिलं.
याला व्हायचंय सर्जन.
हसू नका. मीही हसले नाही, निदान त्याच्या आईसमोर.
"मॅडम, माणूस काचेचा थोडाच असतो?"
नसतो रे बाबा.
पण निसटतो.

नफीसा चौगुले दापोलीकडची,
माझ्याशी गावचं बोलते, बाकी जगाशी अमेरिकन.
पायलट होणार म्हणते. भूगोलाच्या पेपरात
हिने मस्कत उचलून इराणात ठेवलं होतं.
दप्तरातून चिनीमातीची वाटी काढून
गुपचूप माझ्या टेबलावर सरकवली,
नववीत "चुकून" गेलेली. आत अजून एक डूल.
डूल परत दिला. वाटी धुऊन घेतली.

हर्षुल भाटिया घासाघीस करतो.
तीन फ्लास्कवर एक माफ नाही का, मिस?
आजोबांचं मत्रामध्ये कापडाचं दुकान,
रक्तातच आहे, मी म्हटलं.
तर कानाशी येऊन सांगतो, स्टेजवर उभं राहून
लोकांना हसवायचंय मला.
घरी सांगितलंय बीकॉम.
एक विनोद ऐकवला. फारसा बरा नव्हता.
फ्लास्क मात्र माफ केला.

आणि लेनोरा बार्रेटो, जिने एसीच्या झरोक्याशी गंधक पेटवलं
आणि अख्खी शाळा, प्रिन्सिपॉलसकट,
तासभर पार्किंगमध्ये भाजून काढली.
तिला आता फायर ब्रिगेडमध्ये जायचंय.
अनुभव आहे, म्हणते.

ही सगळी जूनपासून "घरी" जाणार, शिकायला.
घर म्हणजे यांच्यासाठी जुलै-ऑगस्ट,
मावशा गाल ओढतात, वाळत घातलेलं वाळत नाही,
आणि कोणीतरी लग्न करून घेतं.
मी सांगते, पाणी उकळून प्या,
रिक्षाचं भाडं आधी ठरवा.
"मिस, ॲप असतं," एका सुरात सगळे.
रस्ता ओलांडायचं ॲप आहे का रे?
गप्प.

शेवटी सुयोग तांडेल.
वही चाळली, पुढून, मागून. नाव नाही.
दोन वर्षं तिसऱ्या टेबलावर होता म्हणे.
वडील टगबोटीवर; सलाला, सूर, जुबैल, सोहार,
चार बंदरं, चार शाळा, चार रंगांचे टाय.
"काहीच फोडलं नाहीस?"
"नाही मॅडम." चेहरा पडलेला.
टेबलापलीकडून वही उलटी वाचत होता तो,
शिबिनचं पान, लेनोराचं पान,
लग्नाच्या अल्बममध्ये आपण कुठे दिसतोय का
बघावं तसा.
पुढे काय करणार?
"काहीही. पण दहा वर्षं एकाच पत्त्यावर."

मग हळूच,
"मॅडम, मी एक फोडू?"

नियमात बसत नाही.
पण कपाटात तडा गेलेली एक टेस्ट ट्यूब होती,
फेकायचीच होती. राहून गेली होती, असं समजा.
त्याने ती दोन्ही हातांत धरली, दिव्यासारखी,
डोळे मिटले, सोडली.
फुटली नाही. घरंगळत कपाटाखाली गेली.
दारातून शिबिन ओरडला, "थांब, मी शिकवतो!"

दुसऱ्यांदा फुटली.

लिहिलं: तांडेल सुयोग, टेस्ट ट्यूब एक, दोनशे बैसा.
त्याने पैसे मोजून दिले,
आणि पावती मागितली.